कुंभार्ली घाटातलं टोचन

“भ्यायचं काही कारण नाही,” अण्णा म्हणाले, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली.

माझ्या वडिलांच्या तोंडून हे वाक्य मी तोवर कधी ऐकलं नव्हतं. भ्यायचं कारण असलं की ते गप्प बसत, नसलं की शिव्या देत. समजूत घालणं हा प्रकार त्यांच्या स्वभावात बसवायचा राहूनच गेला होता.

कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर आम्ही उभे होतो. पुढे त्यांची घरगाडी, मागे माझी हायब्रिड कार, आणि दोन्हींच्या मध्ये अण्णांनी स्वतःच्या वर्कशॉपमध्ये बनवलेला, टोचन करून गाडी ओढायचा लोखंडी दांडा. दांड्याची पिन आई हातोडीने ठोकत होती. अण्णा प्लास्टिकच्या स्टुलावर बसून हुकूम सोडत होते. मी मनात नोंद केली : आयुष्यभर गाड्यांची बॉडी बिल्डिंग केली, आता ठोकायला बायको.

माझं कामच नोंदी करण्याचं. मी वाहन विम्याची सर्व्हेअर. ठोकलेल्या गाड्या बघायच्या आणि मालक किती खरं बोलतो आणि किती रंग लावतो, ते ठरवायचं. गाडीपेक्षा माणूस वाचायला जास्त वेळ लागतो, पण सवय झाली की चपलेवरूनही कळतं. त्या दिवशी आईने साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घातले होते. “गुहागरच्या वाळूत चपला रुततात,” असं तिने मी न विचारताच सांगितलं होतं. न विचारता दिलेलं उत्तर संशयास्पद असतं, हे मी नव्या पोरांना शिकवते. त्या दिवशी मात्र आईच ती, म्हणून सोडून दिलं.

“कार कशाला बांधायची? मी मागून चालवत येते की,” मी म्हटलं. कराडपासून इथवर मी तशीच आले होते.

“रेवे, तुझ्या गाडीला ती बी लिहिलेली जागा आहे ना गियरला?”

“आहे.”

“उतारावर तिथं टाकली की गाडी आपोआप मागं ओढते आणि बॅटरी भरते. म्हणजे काय, माझ्या गाडीला मागून एक हात धरायला मिळाला आणि तुझी बॅटरी फुकटात भरली. कुठल्यातरी परदेशी माणसाचा व्हिडिओ आहे. तो असाच आपली घरगाडी डोंगर उतरवतो, आणि चढाला मागून ढकलूनही घेतो.”

“त्याच्या घरगाडीत ग्रॅनाइटचा ओटा आहे का?”

अण्णा गप्प बसले. म्हणजे भ्यायचं कारण होतं.

ओट्याचं सांगायला हवं. रिटायर व्हायचं ठरवल्यावर अण्णांनी एका जुन्या मिनीबसच्या चासीवर स्वतःसाठी आणि आईसाठी घर बांधलं. ‘मोहिरे बॉडी बिल्डर्स’ची शेवटची गाडी. दुसरा कोणी असता तर प्लायवूड, फोम, हलकी भांडी लावली असती. अण्णांनी सागवानी देवघर बसवलं, स्टीलची पाण्याची टाकी बसवली, पाटा-वरवंट्याला जमिनीत खाच केली आणि स्वयंपाकाला काळा ग्रॅनाइट. घर म्हणजे घर. त्याला चाकं आहेत हा त्यांच्या लेखी किरकोळ भाग. मी एकदा म्हटलं होतं, “अण्णा, एवढं वजन हे ब्रेक धरतील?” तर म्हणाले, “तुझ्या आईला हलक्या घरात झोप येत नाही.”

या गाडीतून दोघांना वर्षभर भारत बघायचा होता. माझा धाकटा भाऊ यशोधन मेलबर्नहून रोज फोनवर नको म्हणत होता. सत्तरी ओलांडलेला माणूस, साखरेचा आजार, आणि घाटरस्ते. शेवटी तह झाला. गुहागरची एक फेरी करायची, सोबत ताईने, म्हणजे मी, जायचं. ताईने मान हलवली तर जा, नाही हलवली तर गाडी विकायची. कोल्हापूरचा एक शूटिंगवाला व्हॅनिटी व्हॅन म्हणून घ्यायला तयारच होता. अण्णांनी मान्य केलं, आणि आईनेही. दोघांनी इतक्या चटकन मान्य केलं की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

म्हणजे मी नुसती मुलगी म्हणून आले नव्हते. त्या गाडीचं आणि त्या दोघांचं पुढचं वर्ष माझ्या खिशात होतं, आणि ते दोघंही मला तसंच वागवत होते. सकाळपासून आईने दोनदा शिरा वाढला होता.

“हे धर,” अण्णांनी माझ्या हातात एक पिवळं खेळणं दिलं. माझ्या मुलाच्या लहानपणचा वॉकीटॉकी. “घाटात मोबाइल लागत नाही. मी सांगेन तसं करायचं. चढव म्हटलं की ॲक्सिलरेटरला रेटा, धर म्हटलं की ब्रेक. स्वतःची अक्कल नंतर.”

मी कारमध्ये बसले. समोर काचेभर फक्त घरगाडीची पाठ. मागच्या खिडकीला आईने शिवलेला फुलाफुलांचा पडदा, तोही ओढलेला.

“पडदा का ओढलाय?” मी बटण दाबून विचारलं.

“ऊन येतंय,” अण्णांचा आवाज आला.

ऊन दुसऱ्या बाजूला होतं. पण तोवर आम्ही निघालो होतो.

गाडी चालवायची आणि रस्ता दिसायचा नाही, यासारखी शिक्षा नाही. मला वळण कळायचं ते घरगाडीची पाठ एका बाजूला कलली की. डावीकडे कातळ येई, मग नुसतं आकाश, मग पुन्हा कातळ. आकाश आलं की मी तिकडे बघत नसे. बी लावली होती, आणि कार खरोखरच घोरपडीसारखी उताराला चिकटून मागे ओढत होती. डॅशबोर्डवर बॅटरीची एकेक पट्टी भरत होती. इतक्या भीतीतही एक गोष्ट कबूल करते : पट्टी भरताना बघून मला बरं वाटत होतं. फुकटाचं काही जमा होताना मोहिऱ्यांच्या घरात सगळ्यांनाच बरं वाटतं.

“अण्णा, तुम्ही एका हाताने घाट उतरताय का? दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा.”

“दोन्ही हात स्टिअरिंगवरच आहेत.”

“मग बोलताय कसे?”

“तोंडाने.”

पुढच्या वळणावर हॉर्न वाजला. एकच, लांब आणि सभ्य. मला नवल वाटलं. अण्णांचा हॉर्न म्हणजे तीनदा आणि शिवीसारखा. सगळं कराड ओळखतं. मी नोंद केली : परीक्षा असली की माणूस हॉर्नसुद्धा सुधारतो.

घाटाच्या मध्यावर बॅटरी पूर्ण भरली आणि कारचं ओढणं एकदम ढिलं झालं. इंजिन आपणहून किंचाळायला लागलं. दांडा खाटकन वाजला आणि मी घरगाडीच्या पाठीकडे ढकलली गेल्यासारखी सरकले.

“अण्णा! धरत नाहीये!”

“भरली असेल. भरल्या पोटी कोण घेतं? आता पायब्रेक मार. सलग नको, टोचून टोचून. मार, सोड. मार, सोड.” मग आवाज किंचित बदलला. “दुसराच ठेव. हं. बदलू नको. शाब्बास.”

“कोण दुसरा? माझ्या गाडीला गियर नाहीत.”

“तुला नाही. गाडीशी बोलतोय.”

ते यंत्रांशी बोलतात हे खरं होतं. लहानपणी मी त्यांना वेल्डिंग मशीनची माफी मागताना ऐकलंय. म्हणून मी टोचत राहिले. तेवढ्यात वास आला. ब्रेकच्या जळक्या लायनरचा वास आमच्या धंद्यात एकदा नाकात बसला की जात नाही. घरगाडीच्या डाव्या मागच्या चाकातून निळसर धूर निघत होता.

“अण्णा, धूर! थांबा!”

“दिसतोय आरशात. जागा आली की थांबू.”

जागा आली नाही. एका जबर वळणावर घरगाडीची पाठ कलली, आणखी कलली, आणि थांबली. पुढून ट्रकचा भोंगा ऐकू आला. मी काच खाली करून मान बाहेर काढली, तेव्हा घाट सुरू झाल्यापासून पहिल्यांदा मला रस्ता दिसला. दिसला नसता तर बरं झालं असतं.

कोकणातून जांभ्याचे चिरे भरून चढणारा ट्रक वळण कापायला आमच्या बाजूला घुसला होता आणि तिथेच अडकला होता. त्याच्यामागे गाड्यांची रांग, म्हणजे तो मागे जाऊ शकत नव्हता. घरगाडीचं नाक ट्रकच्या कोपऱ्यापाशी. दुसऱ्या बाजूला कठडा, आणि कठड्याचा नेमका तेवढाच तुकडा कोणीतरी आधीच पाडून ठेवलेला. तिथे पांढरे रंगवलेले दोन दगड मांडले होते. सरकारी उपाय.

ट्रकवाला उतरला. कपाळाला रुमाल बांधलेला, पोट सुटलेला माणूस. “ओ, मागं घ्या! थोडं मागं घेतलं की मी निघतो!” असं ओरडत तो घरगाडीच्या केबिनपाशी गेला, वर बघितलं आणि बोलायचा थांबला. कपाळाचा रुमाल सोडून पुन्हा बांधला. मग माझ्याकडे आला.

“ताई, तुमच्या भरवशावर आहे हो सगळं,” एवढंच म्हणाला, आणि दोन्ही हातांनी एक चिरा उचलून घरगाडीच्या पुढच्या चाकांकडे पळाला.

वॉकीटॉकी खरखरला. “रेवे, नीट ऐक.” अण्णांचा आवाज आता अगदी हळू होता. देवघरात बोलतात तसा. “पायब्रेक तापून मऊ झालाय. हँडब्रेकवर थोडी धरलीय, पण सरकतेय. उताराला रिव्हर्स घ्यायची तर ब्रेकवरचा पाय काढून क्लच सोडावा लागतो. तेवढ्या वेळात ती पुढं जाईल. तेवढं तू धरायचं.”

“मी? ही एवढीशी गाडी?”

“एवढीशी गाडी भरल्या बॅटरीची आहे. रिव्हर्स टाक. स्टिअरिंग सरळ. मी ‘घे’ म्हटलं की पाय ब्रेकवरून काढून रेटा दे. हळू नको, गपकन नको. दळण दळताना जातं पहिल्यांदा फिरवतात तसा.”

“मी जातं कधी फिरवलंय?”

“मग कुकरची शिटी काढतेस तसा!”

वॉकीटॉकीत त्यांच्या मागून आईचं काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं. मला वाटलं, स्तोत्र.

“अण्णा, पुढे किती जागा आहे?”

“विचारू नको.”

मी रिव्हर्स टाकला. हात ओले झाले होते, ते ड्रेसला पुसले. समोर फुलाफुलांचा पडदा. त्याच्यापलीकडे माझे आईबाप, सागवानी देवघर, टाकीभर पाणी आणि तो ग्रॅनाइट.

“घे!”

मी पाय उचलला आणि रेटा दिला. घरगाडी पुढे गेली. मागे नाही, पुढे. दांडा ताणला गेला, माझी कार तिच्यामागे फरफटली, टायर करवादले. चिऱ्यावर चाक चढल्याचा कर्र आवाज आला. “दे! आणखी दे!” अण्णा ओरडत होते, आणि त्याच श्वासात, “सोड, हळू, हळू, घाबरू नको, आता चावला, आता सोड पूर्ण!” आणि माझ्या कारची मोटर एक बारीक, उंच सूर धरून बसली. भरलेल्या पट्ट्यांपैकी एक विझली. मग दुसरी. उतारावर फुकटात जमा केलेलं सगळं त्या वळणावर वसूल होत होतं.

एक क्षण काहीच हललं नाही. घरगाडी नाही, मी नाही.

मग फुलाफुलांचा पडदा माझ्याकडे आला. अगदी थोडा. नंतर आणखी थोडा.

“धर!” अण्णा म्हणाले. मी ब्रेकवर उभीच राहिले म्हणा. ट्रकवाल्याने मागच्या चाकांना चिरे लावले, धावत जाऊन आपला ट्रक काढला, आणि आमच्या बाजूने चढताना घरगाडीच्या केबिनकडे बघून कपाळाला हात लावला. अण्णांना सलाम करतोय, असं मला वाटलं. अभिमानही वाटला.

उरलेला घाट आम्ही पहिल्या गियरमध्ये, बैलगाडीच्या चालीने उतरलो. घाटाच्या पायथ्याशी, पोफळीला, एका चहाच्या टपरीपुढे सपाटी आली, तिथे घरगाडी थांबली. मी कारमधून उतरले.

घरगाडीचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. आधी एक पांढरा कॅनव्हासचा बूट खाली आला. मग दुसरा. मग कमरेला पदर खोचलेली माझी आई.

पलीकडच्या दाराने अण्णा उतरत होते. अंधारात पायरी शोधावी तसा पाय चाचपडत.

“कोण चालवत होतं?” मी विचारलं.

“जो माणूस ड्रायव्हरच्या दारातून उतरतो तो,” अण्णा म्हणाले. “विमावाल्यांना एवढं तरी कळायला हवं.”

“थट्टा करू नका! मला दांड्याला बांधून दरीच्या तोंडावर नेलंत आणि सांगितलं नाहीत?”

“सांगितलं असतं तर बसली असतीस?” आईने विचारलं.

“मुळीच नाही.”

“मग?” ती टपरीच्या बाकावर बसली आणि बुटाची नाडी सोडायला लागली. गाठ सुटेना. खाली बसून मीच नाडी सोडली.

अण्णा शेजारी येऊन बसले. “पावलांना कळत नाही गं काही,” ते म्हणाले. “साखरेनं. मागं वर्कशॉपमध्ये तापलेल्या तुकड्यावर उभा होतो. बूट जळल्याचा वास आला तेव्हा समजलं. सपाटीला भागतं. पण ब्रेक किती दाबला ते पायाला कळायला नको? घाटात डोळ्यांनी ब्रेक दाबता येत नाही.”

“मग तेव्हाच विकायची होती गाडी.”

“मीही तेच म्हटलं. ही म्हणाली, मला शिकवा.”

मी आईकडे बघितलं. “लायसन?”

तिने कमरेचा बटवा काढला आणि माझ्या पुढ्यात कार्ड टाकलं. माझी धंदेवाईक नजर आधी मुदतीवर गेली. मुदत होती, फोटोही तिचाच होता. “गाडीने आठचा आकडा काढायला लावला होता मैदानात,” ती म्हणाली. “पहिल्या फटक्यात काढला. माझ्याआधीच्या पोराची गाडी मध्येच बंद पडली.”

“यशूला का नाही सांगितलंत? मला का नाही?”

“यशू काय म्हणाला असता? अण्णा नको तर आई मुळीच नको. आणि यांचं नाव आहे कराडात. लोक म्हणतील, मोहिऱ्याला बायको फिरवते. म्हणू देत यांनीच चालवली. मला नाव नकोय, मला रस्ता पाहिजे.” मग चहाचा पेला दोन्ही हातांत धरून म्हणाली, “तू आता काय सांगणार आहेस ते सांगून टाक. नाही म्हणणार असशील तर इथेच म्हण. म्हणजे उगाच गुहागरपर्यंत जायला तरी नको.”

अण्णांनी नजर टपरीच्या छपराला लावली होती. त्या वर्कशॉपवाल्या माणसाला कोणापुढे हात पसरताना मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही त्यांनी पसरला नाही. फक्त स्वतःच्या गुडघ्यावर उताणा ठेवला होता.

मी उठले आणि घरगाडीभोवती फिरले. चाकाजवळ हात नेला, चटकन मागे घेतला. आत गेले. देवघर जागचं हललं नव्हतं. ग्रॅनाइटच्या ओट्यावर सकाळच्या शिऱ्याचं पातेलं जसंच्या तसं, झाकणासकट. एवढ्या झटापटीत तिने पातेलं सांडू दिलं नव्हतं. हे मी कोणत्याही सर्टिफिकेटपेक्षा वरचं मानते.

बाहेर आले आणि म्हटलं, “ओटा काढा.”

“काय?”

“हा ग्रॅनाइट इथेच काढायचा. टाकी अर्धी रिकामी करायची. पाटा-वरवंटा माझ्या कारमध्ये. आणि लायनर बदलल्याशिवाय चिपळूणच्या पुढे जायचं नाही.”

“ओटा?” अण्णा उसळले. “हिच्यासाठी बसवलाय तो! हिचा मान म्हणून!”

“मी मागितला होता का?” आई म्हणाली. “मी म्हटलं होतं, पत्रा पुरे. तुमचा मान फार जड असतो हो. आज वळणावर सगळा माझ्या पाठीवर आला होता.”

अण्णांनी पाने काढले. शिव्या देत देत बोल्ट सैल केले, आणि शिव्या ऐकून मला हायसं वाटलं. टपरीवाली सुनंदाबाई फळकुटावर चहा ठेवत असे. चौघाजणांनी ओटा उचलून तिथे टेकवला तेव्हा ती पदराने तो पुसत राहिली. “मावशी, खरंच ठेवून जाताय?”

“जाता-येता चहा पाजायचा,” आई म्हणाली. “चढाला पण थांबणार आहोत आम्ही.”

तेवढ्यात रेंज आली आणि माझा फोन वाजला. यशोधन.

“ताई, उतरलात? काय म्हणतेस मग? खरं सांग.”

दोघंही माझ्याकडे बघत होते. बघत नसल्यासारखं.

“खरं सांगते,” मी म्हटलं. “सगळा घाट मी मागून बघितला. वळणावर ट्रक आडवा आला, ब्रेक तापले, तरी चालवणाऱ्याने हात सोडला नाही. मी जन्मात इतकं चांगलं ड्रायव्हिंग पाहिलं नाही. माझी हरकत नाही.”

“अण्णांचा हातच तसा आहे म्हणा,” तो म्हणाला. “पण आई? ती घाबरली असेल ना फार?”

मी फोनवर हात ठेवून आईला विचारलं.

तिने बुटाची नाडी पुन्हा घट्ट बांधली. “सांग त्याला,” ती म्हणाली, “घाबरायला पाय रिकामे नव्हते.”

मी तेवढं मात्र सांगितलं नाही. पुढच्या वर्षभरात दोघांनी प्रवासातून पाठवलेले फोटो यशोधन अजून जपून ठेवतो. कन्याकुमारीपासून वरपर्यंत प्रत्येक फोटोत अण्णा घरगाडीच्या स्टिअरिंगला हात लावून उभे आहेत. फोटो कोण काढतं आणि त्यानंतर गाडीत कुठल्या बाजूने चढतं, हे त्याने कधी विचारलं नाही. आणि मी, सवयीने, न विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत नाही.